१०८३ रुपये, पण महिन्यातले किती दिवस?

परवा दुपारी शेजारचा पोरगा दुकानात आला. पोरगा म्हणायचं आपलं, वय छत्तीस आहे त्याचं. बारा वर्षांपासून होमगार्ड आहे. हातात पुनर्नियुक्तीचा फॉर्म होता. तीन वर्षांची मुदत संपली की पुन्हा नव्यानं नोंद करावी लागते. म्हणाला, "काका, झेरॉक्स मारा. पण आधी सांगा, भरू का नको?"

मला लगेच उत्तर देता आलं नाही. तेव्हापासून हाच विषय डोक्यात आहे, म्हणून लिहितोय. मी लातूरचा, गंजगोलाईजवळ झेरॉक्सचं दुकान आहे. होमगार्डची पोरं-पोरी नेहमी येतात. कुणाला पासबुकाची झेरॉक्स लागते, कुणाला आधारची.

सरकारनं चांगलं केलं ते आधी सांगतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये होमगार्डचा दिवसाचा कर्तव्य भत्ता ५७० वरून १०८३ रुपये झाला. आमच्या पोरानं ७ मे २०२४ ला लोकसभेच्या मतदानाचा बंदोबस्त केला तो ५७० च्या दरानं, आणि २० नोव्हेंबरला विधानसभेचा केला तो १०८३ च्या दरानं. माणूस तोच, काठी तीच. त्या दिवाळीत त्यानं आमच्या घरी पेढे आणून दिले होते. ही वाढ त्यांच्या हक्काचीच होती. सर्वोच्च न्यायालयानं २०१५ सालीच हिमाचल प्रदेशच्या होमगार्डांच्या प्रकरणात सांगितलं होतं की महिनाभर, म्हणजे तीस दिवस काम केलं तर पोलिसाच्या किमान पगाराइतके पैसे हातात पडतील असा भत्ता द्या. त्यानंतर आपल्याकडं १०८३ चा आकडा यायला नऊ वर्षं गेली.

पण मेख त्या 'तीस दिवस' मध्येच आहे. तीस दिवस ड्युटी लागते कुणाला? मी त्याच्याकडून मागच्या वर्षाचा हिशेब मांडून घेतला. दहावी-बारावीच्या परीक्षेला केंद्रावर काही दिवस. महाशिवरात्रीला दोन. मग जयंत्या, मिरवणुका. जून कोरडा. जुलैत तीन दिवस. गणपती आले की दहा-अकरा दिवस सलग, पाठोपाठ नवरात्र. ड्युटीच नसेल तर १०८३ गुणिले शून्य किती होतात ते सांगायला नको.

आणि उरलेल्या दिवसांत दुसरं काम करावं म्हटलं तर तेही टिकत नाही. ही गोष्ट बाहेरच्या माणसाला पटकन कळत नाही, म्हणून नीट सांगतो. हा पोरगा मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, एका आडतीवर काट्यावर बसायचा, महिन्याच्या पगारावर. दसऱ्याच्या सुमाराला सोयाबीनची आवक सुरू होते, मोंढ्यात पाय ठेवायला जागा नसते. आडतीला माणूस लागतो तो तेव्हाच. आणि नेमका तेव्हाच ह्याला तुळजापूरचा बंदोबस्त लागतो. दोन वर्षं शेठजींनी सांभाळून घेतलं. तिसऱ्या वर्षी म्हणाले, "बाबा, एक काय ते धर." मी शेठजींना नावं ठेवणार नाही, त्यांचाही धंदा आहे. आता तो भाड्यानं ऑटो चालवतो. बंदोबस्त लागला की ऑटो मालकाच्या दारात उभा.

म्हणजे काम अर्धवेळ, पण माणूस मात्र पूर्णवेळ मोकळा पाहिजे.

तुळजापूरचं आणखी सांगतो. दसऱ्याला सीमोल्लंघन झालं की आई भवानी श्रमनिद्रेला जाते, ती थेट अश्विनी पौर्णिमेपर्यंत. नऊ दिवस महिषासुराशी लढून थकलेली असते, म्हणून तिला विश्रांती. बंदोबस्तावरच्या माणसाला ती नाही, कारण पौर्णिमेला सोलापूरकडून, कर्नाटकातून पायी येणारा लोंढा सगळ्यात मोठा. मागच्या वेळी हा पहाटे घरी आला तेव्हा मी दूध आणायला निघालो होतो. पायरीवर बसून बूट काढत होता. मोजा पायाला चिकटून बसलेला, ओढला तसं कातडं निघालं. सूनबाईनं तांब्याभर पाणी ओतून भिजवून भिजवून तो मोजा काढला. दोघंही एक शब्द बोलले नाहीत. त्या बंदोबस्ताचे पैसे खात्यावर पडले ते दिवाळी होऊन गेल्यावर. लेकरांचे कपडे उधारीवर घेतले होते.

आणि पोरी? दुकानात येणाऱ्या दोघी-तिघी सांगतात की बारा तासांच्या बंदोबस्ताला निघताना त्या सकाळपासून पाणीच पीत नाहीत. जायचं कुठं हा प्रश्न. ह्यावर मी जास्त लिहीत नाही, वाचणाऱ्या प्रत्येक बाईला कळेल.

काही जण म्हणतात, "अहो, ही मानसेवी संघटना आहे, स्वेच्छेनं आलेत, नोकरी थोडीच आहे?" खरंय. ६ डिसेंबर १९४६ ला मुंबईत होमगार्ड सुरू झालं, मोरारजी देसाई गृहमंत्री असताना, दंगलींच्या काळात. पोलिसांना हातभार लावणारे नागरिक, अशीच ती कल्पना. आजही 'निष्काम सेवा' हेच ब्रीद आहे आणि मला त्याचा आदर आहे. पण निष्काम सेवा करायला आधी घरात पीठ पाहिजे. मराठवाड्यात आज भरतीच्या रांगेत उभी राहतात ती दोन एकर कोरडवाहूवाल्यांची पोरं. अट दहावी पासची, पण माझ्याकडं फॉर्म भरायला बी.ए., बी.कॉम. झालेले येतात. तीन वर्षं सेवा झाली की पोलीस भरतीत होमगार्डांसाठी ५ टक्के जागा आहेत, ती खरी आशा. वय निघून गेलं की तीही संपते, अंगावर खाकी तेवढी राहते. आमच्या पोराचं तेच झालं.

म्हणून माझं म्हणणं असं. दर वाढला, आता दिवस वाढवा. महिन्याला ठरावीक दिवसांची हमी द्या आणि ड्युटीचं वेळापत्रक आधी हातात द्या, म्हणजे माणूस दुसरं काम सांभाळू शकेल. काम नाही असं कुणी म्हणू नये. लातूरच्या ट्युशन एरियात रात्री क्लास सुटतात तेव्हा एकदा येऊन उभे रहा. हजारो पोरं-पोरी, सायकली, ऑटो, स्कूटी. तिथं रोज चार होमगार्ड उभे केले तर गावोगावच्या आई-बापांना घोर राहणार नाही. महापालिकेनं ह्यात वाटा उचलावा. नांदेडला, संभाजीनगरला, परभणीला चौकाचौकांत हीच गरज आहे.

दुसरं, भत्ता महागाई भत्त्याशी बांधून टाका. पोलिसाचा महागाई भत्ता वेळोवेळी वाढत जातो आणि होमगार्डला मात्र पुढच्या घोषणेची वाट बघावी लागते, असं नको. आणि बंदोबस्त सुटला की दहा दिवसांत पैसे खात्यावर. निवडणुकीला मतदान यंत्रं एका रात्रीत हलतात, मग हे का नाही होणार?

आमदार, नगरसेवक कुणी ही पोस्ट वाचत असतील तर त्यांनी हे पुढं न्यावं, हात जोडून विनंती आहे.

त्या फॉर्मची झेरॉक्स मी मारून ठेवली आहे. मूळ फॉर्मही माझ्याच ड्रॉवरमध्ये आहे, सहीची जागा अजून कोरी. शनिवारी शेवटची तारीख. काल सूनबाई येऊन विचारून गेली, "काका, ह्यांनी काय ठरवलं, तुम्हाला काही बोलले का?"