निक ड्रेकला मोटारीच्या जाहिरातीने शोधलेलं नाही

निक ड्रेक या इंग्लिश गायक-गीतकाराची एक गोष्ट वर्षानुवर्षं फिरते आहे. गिटारवाल्या मंडळींच्या गप्पा रंगल्या की कुणीतरी ती सांगतंच. एक लाजाळू मुलगा होता. त्याने तीन अल्बम केले, कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. शेवटचा अल्बम त्याने दुःखाच्या भरात एकट्याने रेकॉर्ड केला, टेप कंपनीच्या रिसेप्शनवर ठेवली आणि एक शब्द न बोलता निघून गेला. २६व्या वर्षी वारला. पुढे पंचवीस वर्षांनी मोटारीच्या जाहिरातीत त्याचं गाणं वाजलं, तेव्हा कुठे जगाला तो कळला.

वय खरं आहे, अल्बम तीन हेही खरं. बाकीचं ऐकलं की मला वाईट वाटतं, कारण ही गोष्ट त्या माणसाच्या हातातलं कसब काढून घेते आणि त्याच्या जागी आजार आणून ठेवते.

‘कुणी ढुंकूनही पाहिलं नाही’ हे आधी घेऊ. खप कमी होता, यात वाद नाही. सुरुवातीला एकेक अल्बम पाच हजारांच्या आतच विकला गेला. पण केंब्रिजला शिकत असतानाच फेअरपोर्ट कन्व्हेन्शन या इंग्लिश बँडच्या ॲशली हचिंग्जने त्याला लंडनच्या राउंडहाउस या सभागृहात ऐकलं आणि निर्माता जो बॉइडला त्याचं नाव सांगितलं. बॉइडने विशीही न गाठलेल्या या पोराला अख्ख्या अल्बमसाठी करारबद्ध केलं. १९६९ मध्ये ‘फाइव्ह लीव्हज लेफ्ट’ आला. त्याच वर्षी रेडिओ निवेदक जॉन पीलच्या बीबीसीवरच्या कार्यक्रमासाठी त्याचं रेकॉर्डिंग झालं आणि सप्टेंबरात तो लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये वाजवायला बसला. दुसऱ्या अल्बमच्या वेळी व्हेल्व्हेट अंडरग्राउंड या बँडमधून आलेल्या जॉन केलने त्याची गाणी ऐकली आणि आपणहून दोन गाण्यांत साथ केली. त्याची रेकॉर्ड कंपनी आयलंड रेकॉर्ड्स त्याला आठवड्याला वीस पौंड देत होती. याला दुर्लक्ष म्हणत नाहीत.

मग खपला का नाही? त्या काळी नव्या कलाकाराची रेकॉर्ड खपायची ती गावोगावच्या कार्यक्रमांवर, आणि निकला कार्यक्रम झेपले नाहीत. यात स्वभावाचा भाग होताच, पण एक साधी अडचण गिटारच्या खुंट्यांत होती. जाड तारेपासून बारीक तारेपर्यंत नेहमीची स्वरजुळणी ई-ए-डी-जी-बी-ई. ‘पिंक मून’ गाण्यासाठी त्याने लावलेली जुळणी सी-जी-सी-एफ-सी-ई. म्हणजे जाड तार ईवरून सीपर्यंत ढिली करायची, पुढच्या तीन तारा एकेक पूर्ण स्वर खाली आणायच्या, बीची तार अर्धा स्वर वर चढवायची. बारीक ई तेवढी जागेवर. वर दुसऱ्या फ्रेटला कॅपो, म्हणजे सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा. मी घरी हे करून पाहिलं आहे. पाच खुंट्या फिरवल्या की तारा लगेच स्थिरावत नाहीत, एक लावावी तर दुसरी उतरते. घरी एकट्याने बसून करायला सुंदर काम आहे. आता गोंगाट करणारे विद्यार्थी समोर आहेत, दोन गाण्यांच्या मध्ये मिनिटांमागून मिनिटं कान तारेला लावून बसायचंय आणि लोकांशी चार शब्द बोलायचा स्वभाव नाही, असं चित्र डोळ्यांपुढे आणा. जून १९७० मध्ये यूलच्या टेक्निकल कॉलेजातल्या कार्यक्रमात तो गाणं अर्ध्यावर सोडून उठून गेला. त्यानंतर त्याने मंच जवळजवळ सोडलाच.

लाजाळू होता, म्हणून तो लेचापेचा होता असं मात्र कुणी समजू नये. पहिल्या अल्बमसाठी व्यावसायिक वाद्यवृंद-संयोजक रिचर्ड ह्यूसनला बोलावलं होतं. त्याचं काम निकला पटलं नाही आणि त्याने तसं स्पष्ट सांगितलं. हे काम माझा केंब्रिजचा मित्र रॉबर्ट कर्बी करील, असा आग्रह त्याने धरला. कर्बी विद्यार्थी होता, पदरी एकही रेकॉर्ड नव्हती. ‘वे टू ब्लू’मधली व्हायोलिनं, चेलो त्याने लिहिलेली आहेत, त्या गाण्यात गिटार मुळी नाहीच. ‘रिव्हर मॅन’चं संयोजन तेवढं हॅरी रॉबिन्सनने केलं. ते गाणं पाच मात्रांत आहे. झपताल कानात मुरलेल्या माणसाला पाचाचं नवल नाही, पण पाश्चात्त्य लोकगीताच्या बाजाचं गाणं इतक्या सहज पाचात चालतं, की मोजेपर्यंत लक्षातही येत नाही. अंगठ्याची तार आणि गळा, दोघं आपापल्या वाटेने जातात आणि समेवर न धडपडता भेटतात. हा रियाझ आहे. दुःखातून आपोआप असं काही पाझरत नाही.

आता ‘दुःखाच्या भरात, एकट्याने’. ‘पिंक मून’ ऑक्टोबर १९७१ मध्ये लंडनच्या साउंड टेक्निक्स स्टुडिओत दोन रात्रींत झाला. बरोबर ध्वनिमुद्रक जॉन वुड होता, पहिल्या अल्बमपासूनचा. अल्बम असाच उघडा, गिटार आणि गळा एवढाच ठेवायचा, हे निकचं पक्कं होतं, असं वुडनेच सांगितलं आहे. मागाहून भर पडली ती फक्त शीर्षकगीतातल्या पियानोच्या काही स्वरांची, तीही निकनेच वाजवलेली. तो तेव्हा आजारी होता, नैराश्यावर औषधं चालू होती, हे मी नाकारत नाही. पण अकरा गाणी दोन रात्रींत उरकतात ती हात तयार असेल तर. आजाराने काय केलं ते पाहायचं तर १९७४ कडे पाहावं. शेवटच्या चार-पाच गाण्यांच्या वेळी त्याला वाजवणं आणि गाणं एकत्र जमेना. आधी गिटार, मग त्यावर आवाज, असं तुकड्यांनी रेकॉर्ड करावं लागलं. ज्याच्या अंगठ्याची आणि गळ्याची अशी जोडी होती त्याची ही गत! आजाराने त्याला गाणी दिली नाहीत, होती ती हिरावून घेतली. ‘दुःखातूनच मोठी कला जन्मते’ हे वाक्य या माणसाच्या नावाशी जोडणाऱ्यांनी ती शेवटची गाणी एकदा लक्ष देऊन ऐकावीत.

रिसेप्शनच्या किश्श्याला फार वेळ देत नाही. आयलंडचा प्रसिद्धी अधिकारी डेव्हिड सँडिसन याने सांगितल्याप्रमाणे निक तिथे बसलेला त्याला दिसला, त्याने चहाचं विचारलं, वर आपल्या ऑफिसात नेलं. निक अर्धा तास बसला, निघतो म्हणाला आणि गेला. टेप खाली राहिल्याचं नंतर कळलं. कमी बोलणारा माणूस आणि त्याला चहा विचारणारा माणूस, दोघंही त्या खोलीत होते.

राहिली जाहिरात. १९९९ च्या अखेरीस फोक्सवॅगनच्या जाहिरातीत ‘पिंक मून’ वाजलं आणि अमेरिकेतला त्याचा वर्षाचा खप सुमारे सहा हजारांवरून चौऱ्याहत्तर हजारांवर गेला. हे मोठंच आहे. पण १९७९ मध्ये त्याच्या रेकॉर्डांचा ‘फ्रूट ट्री’ हा संच निघाला होता. १९८५ मध्ये ड्रीम अकॅडमी या ब्रिटिश बँडने त्याला अर्पण केलेलं गाणं आलं आणि पुढच्या वर्षी ते अमेरिकेत पहिल्या दहांत गेलं. १९९४ चा ‘वे टू ब्लू’ संग्रह चांगला खपला, १९९७ मध्ये चरित्र आलं. त्याआधीची एक गोष्ट मला सगळ्यांत मोलाची वाटते. बॉइडने आपली निर्मिती कंपनी आयलंडला विकताना अट घातली की निकच्या रेकॉर्डी बाजारातून कधीही काढायच्या नाहीत. खपत नसलेल्या मुलासाठी घातलेली ही अट नसती, तर जाहिरातवाल्यांच्या कानावर ते गाणं पडलं असतं का?

निकचे वडील रॉडनी बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन या मुंबईत स्थापन झालेल्या कंपनीत इंजिनियर होते. निक जन्मला रंगूनला, १९४८ मध्ये. आई मॉली स्वतः गाणी रचून पियानोवर गायची. मुलगा गेल्यावर त्यांच्या इंग्लंडमधल्या टॅनवर्थ-इन-आर्डन गावच्या घरी अनोळखी तरुण येऊ लागले, रेकॉर्ड ऐकून, पत्ता शोधत. जाहिरातीला तेव्हा वीस वर्षं अवकाश होता. दोघं म्हातारी माणसं त्यांना आत बोलावत असत.