फुलोऱ्यातली फवारणी : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तण फुलोऱ्यात असताना तणनाशक फवारलं तर त्याचं बी कमी धरतं, असा लेख मी लिहिला होता. त्यावर तुम्ही लिहिलंय, "तण फुलावर आल्यावर फवारणं म्हणजे पैसे पाण्यात, हे शेतात पाय ठेवलेल्या कुणालाही कळतं. शिवाय मात्रा दिलेली नाही, आणि असल्या लेखांनी कंपन्यांचाच खप वाढतो."

"शेतात पाय ठेवलेल्या" हे शब्द लागले, लपवत नाही. माझं लहानपण खुरपं हातात धरून गेलं आणि आजही पंप मीच पाठीवर घेतो. मतभेद जरूर मांडा, पण समोरच्याची लायकी काढून सुरुवात करायची, ही कुठली रीत?

पीक वाचवायचं तर तण दोन ते चार पानांवर असतानाच मारायचं, हे लेखाच्या पहिल्याच परिच्छेदात आहे. तेवढा तरी वाचायचा होता. लेख होता त्यातून सुटलेल्या तणाबद्दल, बांधावरच्या आणि पीक निघाल्यावर रानात उरलेल्या. ते यंदाच्या पिकाचं काही बिघडवत नाही, पण बी टाकतं. गाजर गवताच्या एका झाडाला हजारो बिया येतात आणि त्यातल्या कित्येक मातीत वर्षानुवर्षं जिवंत राहतात.

ग्लायफोसेटसारखं आंतरप्रवाही तणनाशक झाडात साखरेच्या वाटेने फिरतं. फुलोऱ्यात ती साखर दाण्याकडे ओढली जाते, औषधही तिकडेच जातं. म्हणून कळी दिसल्यापासून दाणा चिकात असेपर्यंत फवारलं, तर झाड वाळायला आठ-पंधरा दिवस लागले तरी दाणे कमी भरतात, पोचट राहतात, त्यांची उगवणही घटते. दाणा कडक झाला की झाडाशी त्याची नाळ तुटते. मग वरचं झाड जळून गेलं तरी बी शाबूत. पैसे पाण्यात जातात ते तेव्हा! गाजर गवतात तर कळी, फूल आणि पिकलेलं बी एकाच झाडावर एकाच वेळी सापडतं, त्यामुळे तिथे पहिली कळी हाच इशारा. (उभ्या पिकावर ग्लायफोसेट मारायचं नाही, हेही लिहिलं होतं.)

मात्रा द्यायला हवी होती, मान्य. लेबलवर असते, तरी द्यायला हरकत नव्हती. खपाच्या आरोपाला मी उत्तर देणार नाही.

पुढच्या वेळी पंप भरण्याआधी तणाच्या कणसातला एक दाणा नखाने दाबून पाहा. चीक निघाला तर फवारा, आणि त्या दाण्यांतले किती उगवतात ते मोजून मग मला लिहा.