‘आई मोबाईलवर, मूल वाऱ्यावर’ या मेसेजला माझं उत्तर

गेल्या आठवड्यात आमच्या घरच्या ग्रुपवर नानाकाकांनी, म्हणजे माझ्या चुलतसासऱ्यांनी, एक लांबलचक मेसेज टाकला. मथळा होता, ‘आई मोबाईलवर, मूल वाऱ्यावर’. वर दोन बाण होते, म्हणजे आमच्याकडे येईपर्यंत तो बऱ्याच ग्रुपांतून फिरून आला होता. दुसऱ्या दिवशी तो सोसायटीच्या ग्रुपवर दिसला आणि तिसऱ्या दिवशी माझ्या मुलाच्या वर्गातल्या पालकांच्या ग्रुपवर. तिथे तर त्याखाली हात जोडलेल्यांची रांगच लागली होती आणि त्यात बहुतेक आयाच होत्या. ते बघून मला राहवेना.

ज्यांच्यापर्यंत तो पोचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. पूर्वी आई घरी असायची, म्हणून मुलं सुरक्षित होती. आता बाई नोकरीला जाते, दमून घरी येते आणि पोराच्या हातात फोन देऊन मोकळी होते. त्यातूनच मुलांना आत्महत्येपर्यंत नेणारे ब्लू व्हेलसारखे जीवघेणे खेळ आणि अनोळखी माणसं घरात शिरतात. उपाय दोन: अठरा वर्षांपर्यंत मोबाईल अजिबात द्यायचा नाही, आणि द्यावाच लागला तर आईनं तो रोज गुपचूप तपासायचा. शेवटी, ‘प्रत्येक आईपर्यंत पोचवा’. अख्ख्या मेसेजमध्ये वडिलांचं नाव एकदाही नाही.

नानाकाकांवर माझा राग नाही. माझ्या मुलांवर त्यांचा जीव आहे, म्हणूनच त्यांनी तो पाठवला. पण त्यात लिहिलंय ते चूक आहे, आणि त्या चुकीची किंमत मुलं मोजतात. माझ्या मुलानं मोजली आहे.

आधी ‘पूर्वी मुलं सुरक्षित होती’ हे बघू. २००७ साली केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयानं बालकांवरच्या अत्याचारांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. तेरा राज्यांतल्या बारा हजारांहून जास्त मुलांशी बोलून तो झाला होता, त्यात महाराष्ट्र आणि गोवाही होते. ५३ टक्के मुलांनी सांगितलं की आपल्यावर कोणत्या ना कोणत्या स्वरूपाचा लैंगिक अत्याचार झाला आहे. तेव्हा आपल्या घरांत स्मार्टफोन नव्हते. बहुतेक घरांत आई घरीच असायची. आणि अत्याचार करणाऱ्यांत निम्मे जण मुलांच्या ओळखीचे किंवा विश्वासातले होते. मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा २०१२ चा पोक्सो कायदा आला तो या अशा परिस्थितीतून. तेव्हाची मुलं सुरक्षित नव्हती, गप्प होती. आपल्या पिढीतल्या कितीतरी बायकांना हे वेगळं सांगायची गरज नाही.

यातच अनोळखी माणसांच्या मुद्द्याचंही उत्तर आलं. धोका बऱ्याचदा ओळखीच्या माणसाकडूनच असतो. इंटरनेटवरचा माणूससुद्धा महिना-दोन महिन्यांत ओळखीचा होऊन बसतो, तीच त्याची पद्धत असते.

ब्लू व्हेलचं म्हणाल, तर जुलै २०१७ मध्ये अंधेरीत एका चौदा वर्षांच्या मुलाचा मृत्यू झाला आणि देशभर या खेळाची भीती पसरली. सरकारनं समिती नेमून अशा घटना तपासल्या. जानेवारी २०१८ मध्ये तेव्हाचे केंद्रीय गृहराज्यमंत्री, आपल्या चंद्रपूरचे हंसराज अहिर यांनी लोकसभेत सांगितलं की यांपैकी एकाही घटनेचा ब्लू व्हेलशी संबंध सिद्ध झालेला नाही. तरी मेसेज अजून फिरतोच आहे. मुलांच्या काळजीपोटी पाठवलेल्या न तपासलेल्या मेसेजनं काय होतं, ते महाराष्ट्रानं १ जुलै २०१८ ला पाहिलंय. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावानं नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना ठेचून मारलं. ते भिक्षा मागत आलेले होते, बहुतेक जण सोलापूर जिल्ह्यातले. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपनं भारतात एका वेळी पाचच चॅटना फॉरवर्ड करायची मर्यादा जाहीर केली. मेसेजवरचे ते दोन बाण बघितले की मला राईनपाडा आठवतो.

आता ‘आई फोन देऊन मोकळी होते’. हे वाक्य मला सगळ्यात जास्त लागलं.

मुलाच्या हातात फोन मी दिला नाही, शाळेनं दिला. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा माझा मुलगा लहान वर्गात होता. ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ या नावाची अभ्यासमाला रोज व्हॉट्सॲपवर यायची, लिंक उघडायची, व्हिडिओ बघायचा, वही लिहून फोटो पाठवायचा. शाळा परत उघडल्या तरी ती सवय गेली नाही. आजही गृहपाठ, परीक्षेचं वेळापत्रक, उद्या हिरवा शर्ट घालून यायचा आहे हे, सगळं रात्री साडेनऊला ग्रुपवर येतं. क्लासचे व्हिडिओ वेगळे. ज्या घरात फोन नाही त्या घरातल्या मुलाचा अभ्यास अडतो, आणि फोन असला की आई बेजबाबदार ठरते.

आणि मोकळी? केंद्र सरकारनं २०२४ मध्ये लोकांचा वेळ कशात जातो याचं सर्वेक्षण केलं. घरकाम करणाऱ्या बायकांची त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं जातात. घरकाम करणाऱ्या पुरुषांची ८८. म्हणजे जवळजवळ पाच तास आणि दीड तास. हे बिनपगारी घरकाम झालं, मुलांचं आणि आजारी माणसांचं करणं त्यात धरलेलंच नाही. मी डोंबिवलीहून लोकलनं ऑफिसला जाते. संध्याकाळी साडेसातला घरात पाय टाकते तेव्हा कणीक मळायची असते. त्या वेळी मूल फोनवर काय बघतंय हे बघायला दुसरं कुणी घरात नसतं का? असतं. त्यानं बघायचं असतं हे मात्र कुणी त्याला सांगितलेलं नसतं.

शिवाय, बघायचं कसं? २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते ४९ वयाच्या फक्त ३३ टक्के बायकांनी कधीतरी इंटरनेट वापरल्याचं सांगितलं. पुरुषांत ते प्रमाण ५७ टक्के होतं. कितीतरी घरांत सिम वडिलांच्या नावावर, अकाउंट वडिलांचं आणि पासवर्डही त्यांनाच माहीत. माझ्या शेजारणीनं मला विचारलं होतं, मुलाच्या यूट्यूबवर मोठ्यांचे व्हिडिओ येऊ नयेत म्हणून काय करायचं. मी सेटिंग दाखवायला गेले तर तिला फोनचा पिनच माहीत नव्हता. किल्ली जिच्या हातात नाही तिला राखणदार म्हणायचं, आणि चोरी झाली की जाब तिलाच विचारायचा.

आता माझ्या मुलाची गोष्ट. त्याला विचारून लिहितेय.

तो सातवीत आहे. त्याच्या वडिलांच्या जुन्या फोनवर एक खेळ खेळायचा, चार जणांची टीम करून. त्या टीममध्ये एक ‘दादा’ होता. मी नववीत आहे, पुण्याचा आहे, असं सांगायचा. दोन महिने रोज एकत्र खेळले. दादानं त्याला खेळातली नाणी भेट दिली. मग म्हणाला, इथे टाईप करायला वेळ जातो, दुसऱ्या ॲपवर ये. तिथे आधी दंड फुगवलेला फोटो मागितला, शर्ट काढून. मुलानं पाठवला. त्याला त्यात काही वावगं वाटलं नाही, बाराव्या वर्षी मुलगे आरशापुढे तेच करत असतात. मग दादानं पुढचं मागितलं. हा नाही म्हणाला, तेव्हा धमकी आली: शाळेतल्या सगळ्यांना पाठवीन.

हे मला नऊ दिवस कळलं नाही. दिवाळीची सुट्टी चालू होती, तो घरातच होता, जेवत होता, फक्त बोलत कमी होता. दहाव्या दिवशी रात्री मी ओट्याशी मेथी निवडत होते. तो येऊन शेजारी उभा राहिला, कधी नव्हे ते एक जुडी ओढून निवडायला लागला. पानं बाजूला आणि काड्या बाजूला ठेवायच्या हेही विसरून सगळं एकातच टाकत होता. मग म्हणाला, ‘आई, एक सांगू? फोन काढून नाही ना घेणार?’ आणि मी काही म्हणायच्या आत, ‘आणि आजी तुला बोलणार नाही ना?’

हे दुसरं वाक्य मी विसरू शकत नाही. आई कामाला जाते म्हणून असं होतं, हे त्यानं घरात इतक्यांदा ऐकलं होतं की आपण तोंड उघडलं तर आईला ऐकून घ्यावं लागेल, या भीतीनं तो नऊ दिवस एकटा ते सोसत राहिला. असला मेसेज मुलंही वाचतात. आजीच्या फोनवर मोठ्यानं वाचलेला ऐकतात. त्या दादाला आणखी काय हवं होतं? मूल गप्प राहणं यावरच त्याचं सगळं चालतं.

म्हणून ‘अठरा वर्षांपर्यंत बंदी’ मला पटत नाही. लहानग्यांची गोष्ट वेगळी. बालरोगतज्ज्ञ सांगतात की दोन वर्षांच्या आत पडदा नकोच, पाच वर्षांपर्यंत तासाभराच्या वर नको. घास भरवताना व्हिडिओ लावू नका असं मेसेजमध्ये आहे, ते अगदी बरोबर आहे. पण बारा-तेरा वर्षांच्या मुलावर पूर्ण बंदी घातली तर तो फोन सोडत नाही, मित्राचा वापरतो. आणि मित्राच्या फोनवर काही वाईट घडलं तर सांगण्याची सोयच उरत नाही, कारण सांगायचं म्हणजे आधी बंदी मोडल्याची कबुली द्यायची. तास ठरवा, रात्री फोन बाहेरच्या खोलीत चार्जिंगला लावा, जेवताना सगळ्यांचेच फोन बाजूला. आमच्याकडे आता हे सगळं आहे. पण ‘काही झालं तर फोन काढून घेईन’ हे वाक्य घरातून काढून टाका.

गुपचूप तपासणीचं तर मी स्वतःच्या अनुभवावरून सांगते. मी तपासत होते. आठवड्यातून दोनदा, तो झोपल्यावर. व्हॉट्सॲप बघायचे, गॅलरी बघायचे. खेळाच्या आतही गप्पा मारता येतात, हे मला माहीतच नव्हतं. जिथे धोका होता तिथे मी कधी पोचलेच नाही, आणि उशाखालचा फोन हलतो हे त्याला मात्र कळत होतं.

मेसेजमध्ये कंपन्यांचं नावही नाही, हे तर चोर सोडून संन्याशाला फाशी देण्यासारखं आहे. मोठ्या माणसाला बारा वर्षांच्या मुलाशी खासगीत बोलता येईल असा खेळ कुणीतरी तसा बनवलेला असतो. ऑस्ट्रेलियानं १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालच्यांना सोशल मीडियावर अकाउंट ठेवायला मनाई केली. तो कायदा योग्य की अयोग्य यावर वाद होऊ शकतो. पण त्यातला जवळजवळ पाच कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंतचा दंड कंपनीला आहे, मुलाला नाही आणि आईलाही नाही. आपल्याकडच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा कायद्यातही अठरा वर्षांखालच्या मुलांची माहिती वापरण्याआधी पालकांची खात्रीशीर संमती घ्यायची आहे, मुलांवर पाळत ठेवून जाहिराती दाखवायला मनाई आहे, आणि हे मोडलं तर २०० कोटींपर्यंत दंड. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले, ही कलमं त्यानंतर दीड वर्षानं लागू व्हायची आहेत. फॉरवर्ड करायचंच असेल तर हे करा, म्हणजे ती तारीख आली की विचारणारे लोक असतील.

आणि हेही करा, कारण त्या रात्री मला यातलं निम्मंच माहीत होतं. धमकी आली तर पैसे किंवा आणखी फोटो द्यायचे नाहीत. चॅट लगेच पुसायची नाही. धमकीचे मेसेज, त्या माणसाचं अकाउंटचं नाव, वेळ, यांचे स्क्रीनशॉट घ्यायचे आणि मगच ब्लॉक करायचं. मुलाचा तसा फोटो कुणालाही पाठवायचा नाही, सल्ला विचारायला मावशीलाही नाही, तो पुढे पाठवणं हाच गुन्हा ठरू शकतो. केंद्राच्या सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करता येते, बायका-मुलांच्या बाबतीत नाव न देताही. पैसे गेले असतील तर लगेच १९३० ला फोन. मुलांसाठीची हेल्पलाईन १०९८. ‘टेक इट डाउन’ नावाची एक मोफत सोयही आहे. अठरा वर्षांखालच्या मुलाच्या तशा फोटोचा तिथे एक सांकेतिक ठसा तयार होतो, फोटो आपल्या फोनमधून बाहेर जात नाही, आणि त्या ठशावरून मोठ्या साईट्स तो फोटो ओळखून काढून टाकू शकतात.

आम्ही तक्रार केली. तो दादा कोण होता ते आम्हाला आजही माहीत नाही. फोटो कुठे फिरलेला दिसला नाही. फोन काढून घेतला नाही. खेळातली चॅट माझ्या नवऱ्यानं बंद केली आणि फोनच्या सेटिंगचं सगळं काम आता त्याच्याकडे आहे, दर रविवारी मुलाला शेजारी बसवून तो ते बघतो. सासूबाईंना मी सगळं सांगितलं. त्या मला काही बोलल्या नाहीत. नातवाला जवळ घेऊन बराच वेळ बसल्या.

नानाकाका, तुम्हाला दोन विनंत्या आहेत. गणपतीत तुम्ही दोन्ही नातवंडांचा शाळेच्या गणवेशातला फोटो फेसबुकवर टाकलाय, त्यात शाळेचं नाव आणि ओळखपत्र स्पष्ट वाचता येतं. तेवढा काढून टाका. आणि येत्या रविवारी येताय तेव्हा कॅरमच्या आधी त्याच्याकडून तो खेळ शिकून घ्या. चॅट बंद ठेवून दोघांना खेळता येतो. चौथ्या भिडूच्या जागी तुम्हाला घ्यायचं, असं तो म्हणतोय.