परमुलखात पेला उचलताना

परदेशी गेलात की तिथलं पेय चाखायलाच हवं. चव महत्त्वाची नाही, चाखल्याचा पुरावा महत्त्वाचा. म्हणून मंगोलियात यजमानाने वाडगाभर ऐराग पुढे केलं की आधी कॅमेरा चालू करा. घोडीचं आंबवलेलं दूध ते, बिअरपेक्षाही सौम्य. तरी पहिल्या घोटाला विषप्रयोग झाल्यासारखं तोंड करा. यजमानाची म्हातारी आई समोर बसली असेल तर उत्तमच, तिचाही चेहरा चित्रफितीत येईल.

जॉर्जियाला जायचं तर थोडी तयारी लागते. तिथल्या मेजवानीला सुप्रा म्हणतात आणि तिचा सगळा कारभार तमादा नावाच्या सूत्रधाराच्या हाती असतो. तो शांततेसाठी बोलतो, गेलेल्यांसाठी बोलतो, लेकराबाळांसाठी बोलतो, आणि त्याचं बोलणं संपेपर्यंत कुणी पेल्याला ओठ लावत नाही. तुम्ही खुशाल लावा. गेलेल्यांना कसली आलीय घाई? मग तमादाला मधेच थांबवून समजावा, की वाइन अशी गटागटा प्यायची नसते, पेल्यात फिरवून हुंगायची असते. त्या मुलखात आठ हजार वर्षांपासून वाइन होते. अंड्याच्या आकाराचे मातीचे रांजण जमिनीत पुरून ती करण्याची तिथली रीत युनेस्कोने २०१३ साली वारसा म्हणून नोंदवली. असेल. पण तुम्ही विमानात वाइनवरचा अख्खा लेख वाचलेला आहे! शेवटी हातात भरलेलं शिंग येईल. त्याला बूड नसतं, म्हणून रिकामं होईपर्यंत ते खाली ठेवता येत नाही. शेजाऱ्याच्या मांडीवर ठेवा.

जपानमध्ये आपला पेला आपण भरत नाहीत, शेजारी भरतो. तिथे स्वावलंबन दाखवा. कोरियात वडीलधाऱ्यांसमोर मान जरा वळवून पितात, तर जर्मनीत पेले भिडवताना नजरेला नजर न देणं असभ्य. तुम्ही सोल शहरातल्या आजोबांकडे रोखून बघत प्या आणि म्युनिकमध्ये छताकडे. देशागणिक शिस्त उलटी करण्याइतके कष्ट घ्यायलाच हवेत.

अर्जेंटिनात माते नावाचा पाल्याचा काढा प्यायला एकच भांडं आणि एकच नळी सगळ्यांत फिरते. नळीने ढवळायचं नाही, असा दंडक. तेव्हा आधी ती रुमालाने पुसा, मग ढवळा.

अभ्यासू प्रवाशाने हंगेरी मात्र राखून ठेवावी. १८४९ मध्ये ऑस्ट्रियाने तेरा हंगेरियन बंडखोर सेनापतींना देहदंड दिला आणि बिअरचे पेले भिडवून तो साजरा केला, म्हणून हंगेरियन लोकांनी दीडशे वर्षं बिअरचे पेले न भिडवण्याची शपथ घेतली, असं सांगतात. ती मुदत १९९९ मध्येच संपली. पण बुडापेस्टच्या एखाद्या बारमध्ये शेजारच्या टेबलावर पोरं आनंदाने पेले भिडवताना दिसली, की उठून जा. त्यांना त्यांचा इतिहास सांगा. त्यांनी हसून तुमच्याकडे पेला पुढे केला, तर आपला मागे घ्या आणि तेराही सेनापतींची नावं म्हणून दाखवा.