युलिसिस निघतो, पण जातो का?

इंग्रज कवी टेनिसनच्या ‘युलिसिस’ या कवितेची अखेरची ओळ, झटत राहावे आणि हार मानू नये असे सांगणारी, इतक्या ठिकाणी उद्धृत होते की ही म्हातारपणातल्या जिद्दीची कविता आहे अशी समजूत रूढ झाली आहे. अंटार्क्टिकात मरण पावलेल्या कॅप्टन स्कॉट आणि त्यांच्या सोबत्यांच्या स्मरणार्थ १९१३ साली उभारलेल्या क्रूसावरही तीच ओळ कोरलेली आहे. मला मात्र ही कविता अस्वस्थतेची वाटते, आणि ती अस्वस्थता फारशी निर्मळ नाही.

युलिसिस म्हणजे होमरच्या ‘ओडिसी’ या ग्रीक महाकाव्याचा नायक, इथाका बेटाचा राजा. वीस वर्षांनी घरी परतलेल्या या राजाला आपली प्रजा म्हणजे साठवणारी, खाणारी, झोपणारी रानटी जमात वाटते. जिने तेवढीच वर्षे त्याची वाट पाहिली त्या पेनेलोपीचे तो नावही घेत नाही. ‘वय झालेली बायको’ एवढ्यावर तिची बोळवण होते. टेलेमॅकसला तो समंजस आणि कर्तव्यदक्ष म्हणतो खरा, पण बाप नेमका त्याच गुणांना कंटाळलेला आहे. मुलाकडे राज्य सोपवून निघणे म्हटले की आपल्याला वानप्रस्थ आठवतो. हा मात्र काही सोडायला नव्हे, आणखी मिळवायला निघाला आहे.

शिवाय होमरच्या त्या महाकाव्यात त्याचे सगळे सोबती घरी पोहोचण्याआधीच मेलेले असतात. मग इथे तो ज्यांना ‘मित्रांनो’ अशी साद घालतो ते खलाशी कोण? टेनिसनने हा भटका नायक मुख्यतः इटालियन कवी दान्तेकडून घेतला. दान्तेचा युलिसिस नरकातल्या ज्वाळेतून सांगतो की मुलाची, बापाची, पत्नीची माया त्याला अडवू शकली नाही, आणि ज्ञात जगाची सीमा मानले जाणारे हर्क्युलिसचे स्तंभ ओलांडून गेल्यावर त्याचे जहाज बुडाले. टेनिसनने ते बुडणे गाळले; त्याचे जहाज बंदरातून सुटतही नाही.

ही कविता १८३३ साली, जिवलग मित्र आर्थर हॅलम याच्या अकाली मृत्यूनंतर लिहिली गेली, तेव्हा कवी जेमतेम चोवीस वर्षांचा होता. न पाहिलेल्या जगाच्या सतत मागे सरकणाऱ्या क्षितिजाबद्दलच्या तीन ओळींना ‘इलियड’च्या एका अख्ख्या सर्गाइतका वेळ लागतो, असे कवी-समीक्षक मॅथ्यू अर्नोल्डने होमरच्या वेगाशी तुलना करताना म्हटले. निरीक्षण अचूक आहे, पण मला तो संथपणा कवितेचा प्राण वाटतो, कारण तोंडाने ‘चला’ म्हणणाऱ्या या माणसाचे पाऊल दुःखामुळे उचलत नाही, हे त्या जड लयीतूनच कळते.