टाच टेकवू नका? लंजमध्ये तर टाचच आधी टेकते!

“चांगल्या बॅडमिंटनपटूची टाच जमिनीला लागत नाही. सतत चवड्यांवर उड्या मारत राहा आणि प्रत्येक फटक्यानंतर कोर्टाच्या बरोबर मध्यावर या.” मोबाइलवर फिरणारा हा सल्ला मुलं मनापासून पाळतात, आणि त्यांचे गुडघे दुखू लागतात.

आधी टाच. नेटजवळचं शटल घेताना उजव्या हाताने खेळणाऱ्याचं शेवटचं लांब पाऊल, म्हणजेच लंज, उजव्या पायाचं असतं. त्यात टाच आधी टेकते, मग तळवा, मग बोटं. वेगात आलेलं अंग थोपवायचं काम मांडीच्या आणि कुल्ल्याच्या मोठ्या स्नायूंचं. चवडा आधी टेकला की तो भार पोटरीवर आणि टाचेमागच्या अकिलीस टेंडनवर येतो, गुडघा बोटांच्या फार पुढे जातो आणि परत फिरायला जोर उरत नाही. बॅडमिंटनच्या बुटांची टाच मागून गोलसर असते ती यासाठीच. पाऊल आणि गुडघा एकाच दिशेला हवेत. पाऊल आत वळलं की गुडघाही आत कलतो. मागचा डावा पाय अंगठ्याच्या आतल्या कडेवर घासत येतो. तुमचा डावा बूट तिथे झिजलाय का, बघा.

उडी हवी, पण एकच आणि वेळेवर. या छोट्या उडीला स्प्लिट स्टेप म्हणतात. तिच्यात पाय जमिनीपासून जेमतेम सुटतात आणि समोरच्याची रॅकेट शटलला लागते त्या सुमारास टेकतात. कसलेला खेळाडू उजवीकडे जायचं असेल तर डावा पाय आधी टेकवतो, कारण रेटा त्याच पायाने द्यायचा असतो. सतत नाचणारा नेमका तेव्हा हवेत असला, तर त्याला दिशाच बदलता येत नाही.

मागच्या डाव्या कोपऱ्यात राउंड द हेड फटक्यानंतर, म्हणजे डोक्यावरून हात नेऊन डाव्या बाजूचं शटल मारल्यावर, डावा चवडा आधी टेकतो, हे मात्र खरं. तिथेही टाच मुद्दाम वर धरू नये आणि गुडघा वाकलेला असावा. ताठ, आत कललेल्या गुडघ्यावर उतरलं की एसीएल, म्हणजे गुडघ्याच्या आतला महत्त्वाचा अस्थिबंध, धोक्यात येतो. स्पेनच्या डावखुऱ्या बॅडमिंटनपटू कॅरोलिना मरीनचा उजवा गुडघा २०१९ मध्ये जकार्तात, सायना नेहवालविरुद्धच्या अंतिम सामन्यात, उडीवरून उतरतानाच दुखावला.

राहिला मध्य. प्रत्येक फटक्यानंतर बरोबर तिथेच यायला हवं असं नाही. नेटलगत शटल ठेवलंत तर थोडं पुढेच थांबा. उंच क्लिअर, म्हणजे समोरच्याच्या मागच्या रेषेपर्यंत जाणारा फटका, मारलात तर मध्याच्या जरा मागे.

सरावाला शटलशिवाय ८ लंज मारा. प्रत्येकात २ सेकंद स्थिर राहा, मग टाचेने रेटा देऊन मागे या. गुडघा डगमगला तर पाऊल आखूड करा.