बेसबॉल शिष्यवृत्तीबाबत खुलासा

‘अमेरिकी विद्यापीठाच्या बेसबॉल संघात निवड झाली की संपूर्ण शिक्षण मोफत’ हा सध्या फिरणारा दावा चुकीचा असून, त्यावर विसंबून पालकांनी कर्ज काढू नये, असे कळकळीने सांगावेसे वाटते. अमेरिकेतील महाविद्यालयीन क्रीडास्पर्धांचे नियमन करणारी संघटना असलेल्या एनसीएएच्या पहिल्या (सर्वोच्च) विभागात अनेक वर्षे प्रत्येक संघाला केवळ ११.७ पूर्ण शिष्यवृत्त्यांची मर्यादा होती आणि तेवढ्याच रकमेची जास्तीत जास्त २७ खेळाडूंत वाटणी होत असे. त्यामुळे बहुतेकांना अंशतःच मदत मिळे. २०२५-२६ पासून खेळाडूंच्या मोबदल्यावरील खटल्यात झालेली न्यायालयीन तडजोड स्वीकारलेल्या विद्यापीठांसाठी शिष्यवृत्त्यांची ही मर्यादा उठली आणि संघातील खेळाडूंची संख्या ३४ वर आणली गेली. मात्र सर्वांना पूर्ण शिष्यवृत्ती देणे त्यांच्यावर बंधनकारक नाही. आयव्ही लीग (हार्वर्ड, येल आदी आठ नामांकित विद्यापीठांचा गट) आणि एनसीएएच्या तिसऱ्या विभागातील विद्यापीठे तर क्रीडा शिष्यवृत्ती देतच नाहीत.